ऑस्ट्रेलियात घर बांधण्यापूर्वी वणव्याचा धोका कसा जोखावा

मेलबर्न, सिडनी, पर्थ, ॲडलेड या शहरांच्या कडेकडेने जिथे नव्या वसाहती वाढत आहेत, तिथे भूखंड घेऊन घर बांधणाऱ्यांत आता बरीच मराठी कुटुंबेही असतात. भूखंड निवडताना शाळा, रेल्वे स्टेशन, कर्जाचा हप्ता, घराचे तोंड कुठल्या दिशेला येईल, हे सारे बारकाईने पाहिले जाते. वणव्याचा विषय मात्र बहुधा बिल्डरच्या अंदाजपत्रकात ‘बुशफायर’ या शब्दासमोर एक वाढीव रक्कम दिसल्यावरच निघतो. तोपर्यंत जमिनीचा करार झालेला असतो आणि पैसे मोजण्याखेरीज हातात फारसे काही उरत नाही. हा लेख करारावर सही करण्यापूर्वीच्या टप्प्यासाठी आहे. वणव्याचा धोका आधी जमिनीने ठरतो आणि मग घराच्या आराखड्याने. त्यामुळे तो जोखण्याची महत्त्वाची कामे खरेदीच्या आधीच, आणि त्यांतली बरीचशी स्वतःच, जवळजवळ खर्चाशिवाय करता येतात.

आधी समजून घ्यावे: घर पेटते कसे

सह्याद्रीतला वणवा आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असतो. उन्हाळ्याच्या तोंडी डोंगरउतारावरचे वाळके गवत पेटते, रात्री दुरून आगीची वळणदार रेघ दिसते आणि बहुतेक वेळा ती गावठाणापर्यंत न पोहोचताच विझते. ऑस्ट्रेलियातल्या वणव्याची कल्पना त्यावरून करू नये. निलगिरीच्या पानांत तेल असते, तिच्या अनेक जातींची साल लांब पट्ट्यांनी सुटून झाडावरच लोंबत राहते आणि सोसाट्याच्या वाऱ्यात त्या पेटत्या पट्ट्या कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडतात. ७ फेब्रुवारी २००९ रोजी, ज्या दिवसाला ‘ब्लॅक सॅटर्डे’ म्हणतात, व्हिक्टोरिया राज्यात १७३ माणसे मृत्युमुखी पडली आणि २,००० हून अधिक घरे जळाली. ही केवळ रानातल्या एकट्यादुकट्या घरांची गोष्ट आहे असेही नाही. १८ जानेवारी २००३ रोजी राजधानी कॅनबेरात आग पाइनची लागवड आणि गवताळ राने ओलांडून थेट उपनगरांत शिरली. तिथे चार जण दगावले आणि सुमारे ५०० घरे नष्ट झाली.

घर तीन प्रकारे पेटते: वाऱ्याबरोबर येणाऱ्या निखाऱ्यांनी, समोरच्या ज्वाळांच्या धगीने, किंवा ज्वाळा प्रत्यक्ष भिंतीला भिडल्याने. यांत निखारे हे सर्वांत मोठे कारण आहे. ते आगीच्या मुख्य फळीच्या आधी येतात, तिच्याबरोबर येतात आणि ती निघून गेल्यावरही कितीतरी वेळ उडत राहतात. छपराच्या फटीत, पन्हळीतल्या पानांत, डेकच्या खाली किंवा पायपुसण्यावर साठतात आणि तिथून घर हळूहळू आतून पेट घेते. ‘घर विटांचे आहे, त्याला काय होणार’ हे वाक्य आपल्या मंडळींत वारंवार ऐकू येते, म्हणून एवढे सांगणे भाग आहे, की इथले बहुतेक ‘विटांचे’ घर म्हणजे लाकडी सांगाडा, लाकडी छप्पर आणि बाहेरून विटांचा एक थर असे असते. वीट पेटत नाही, हे खरे. पण विटेच्या मागे जे आहे ते पेटते.

धग मात्र अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. वणव्याच्या जोखमीचे सगळे अधिकृत मूल्यमापन याच गोष्टीवर उभे आहे.

पायरी १: नकाशा आणि कागदपत्रे पाहणे

प्रत्येक राज्याने वणवाप्रवण क्षेत्रांचे नकाशे प्रसिद्ध केलेले आहेत आणि ते घरबसल्या, विनामूल्य पाहता येतात. व्हिक्टोरियात ‘व्हिकप्लॅन’ या सरकारी नकाशावर पत्ता टाकला की भूखंड ‘डेझिग्नेटेड बुशफायर प्रोन एरिया’मध्ये आहे का, आणि त्यावर ‘बुशफायर मॅनेजमेंट ओव्हरले’ आहे का, या दोन्ही गोष्टी कळतात. या दोन्ही संज्ञा एकच समजण्याचा घोटाळा नवख्यांकडून हमखास होतो. पहिली संज्ञा व्यापक आहे: तीत येणाऱ्या भूखंडावर घराचे बांधकाम किमान ‘बीएएल-१२.५’ या पातळीचे करावे लागते (बीएएल म्हणजे घराला वणव्याची किती झळ पोहोचू शकते ती पातळी; तपशील पायरी २ मध्ये) आणि ती बाब बांधकाम परवान्याच्या टप्प्यावर पाहिली जाते. दुसरी संज्ञा अधिक गंभीर आहे: तिच्यात येणाऱ्या भूखंडासाठी वेगळा नियोजन परवाना, वणव्याविषयीचे सविस्तर निवेदन, घराभोवती मोकळी राखायची जागा, पाण्याची टाकी आणि अग्निशमन वाहनासाठी रस्ता एवढ्या सगळ्या अटी येऊ शकतात. पहिलीमुळे खर्च वाढतो; दुसरीमुळे मनातले घर त्या जागेवर मुळात बांधता येईल की नाही, हाच प्रश्न उभा राहतो.

न्यू साउथ वेल्समध्ये ‘बुश फायर प्रोन लँड’ नकाशा आहे आणि काउन्सिलकडून (स्थानिक पालिकेकडून) मिळणाऱ्या कलम १०.७ च्या नियोजन प्रमाणपत्रातही त्याची नोंद असते. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात तेथील अग्निशमन व आपत्कालीन सेवा खाते असा नकाशा प्रसिद्ध करते. इतर राज्यांत राज्याच्या नियोजन संकेतस्थळावर किंवा थेट काउन्सिलकडे चौकशी करावी. व्हिक्टोरियात विक्रेत्याने द्यावयाच्या ‘सेक्शन ३२’ निवेदनात भूखंड वणवाप्रवण क्षेत्रात आहे की नाही हे नमूद असते. ते पान वकिलावर न सोडता स्वतः वाचावे.

नव्या वसाहतींच्या बाबतीत एक बारकावा आहे. एके काळी सगळे गवताळ रान असलेली जमीन वसाहत पूर्ण होत जाते तसतशी नकाशातून वगळली जाते आणि व्हिक्टोरियात हा आढावा ठरावीक काळाने घेतला जातो. त्यामुळे आज क्षेत्रात असलेला भूखंड वर्षभराने कदाचित त्याबाहेर असेल. विक्री प्रतिनिधी हे आवर्जून सांगतात. परंतु परवाना मागताना जो नकाशा लागू असेल तोच धरला जातो, त्यांच्या आश्वासनाला तिथे काही किंमत नसते. आणि नकाशाबाहेर पडले म्हणजे निखारे यायचे थांबले, असेही नाही.

पायरी २: जागेवर जाऊन चार गोष्टी पाहणे

या पायरीवर सर्वाधिक वेळ घालवावा. ‘ए एस ३९५९’ हे वणवाप्रवण भागातील बांधकामाचे ऑस्ट्रेलियन मानक आहे. त्याच्या सोप्या पद्धतीत फक्त चार गोष्टींवरून घराची ‘बुशफायर अटॅक लेव्हल’, म्हणजेच बीएएल, ठरते: त्या प्रदेशाचा आगधोका निर्देशांक, आसपासच्या वनस्पतींचा प्रकार, त्यांचे घरापासूनचे अंतर आणि त्या वनस्पतींखालच्या जमिनीचा उतार. पहिली गोष्ट प्रदेशानुसार ठरलेली आहे. व्हिक्टोरिया (उंच पर्वतीय भाग सोडून), बृहत् सिडनी आणि कॅनबेरा परिसरासाठी तो निर्देशांक १००, साउथ ऑस्ट्रेलिया व वेस्टर्न ऑस्ट्रेलियासाठी ८०, तर टास्मानियासाठी ५० धरला जातो. उरलेल्या तीन गोष्टी पाहायला शनिवारची एक सकाळ, मोजपट्टी आणि मोबाइल पुरेसा आहे.

वनस्पतींचा प्रकार. भूखंडापासून चहूबाजूंना किमान १०० मीटरपर्यंत काय आहे ते पाहावे. न्यू साउथ वेल्समध्ये हे अंतर १४० मीटर धरतात. मानकात वनस्पतींचे सात गट आहेत: उंच झाडांचे दाट जंगल, विरळ झाडांचे रान, कमी उंचीची झुडपे, उंच व दाट झुडपांचे रान, कोरड्या प्रदेशातील मॅली आणि मुल्गा ही ठेंगणी झाडी, वर्षावन, आणि गवताळ जमीन. एकाच भूखंडाच्या पूर्वेला गवत आणि दक्षिणेला ओढ्याकाठची दाट झाडी असू शकते. अशा वेळी प्रत्येक बाजूचा हिशोब वेगळा करायचा आणि त्यांतला सर्वांत वाईट निकाल घराला लागू होतो.

सगळीच हिरवळ धोक्याची मानली जात नाही. नियमित निगा असलेले उद्यान, कापलेली हिरवळ, गोल्फचे मैदान, फळबागा, द्राक्षमळे यांना कमी धोक्याचे समजून वगळले जाते. एक हेक्टरपेक्षा लहान असलेला आणि इतर रानापासून १०० मीटरहून अधिक दूर असलेला एखादा तुकडाही वगळता येतो. खरा पेच गवताचा आहे. साधारण १० सेंटिमीटर उंचीपर्यंत कापलेले गवत वगळले जाते, पण तेच गवत वाढू दिलेले असेल तर ती ‘गवताळ जमीन’ ठरते. वसाहतीच्या पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवलेली शेजारची रिकामी जमीन ऑगस्टमध्ये हिरवीगार आणि निरुपद्रवी दिसते; डिसेंबरात ती कंबरेएवढ्या वाळक्या गवताने भरलेली असते. म्हणून शक्य असल्यास जागा उन्हाळ्यात पाहावी, नसल्यास उपग्रह नकाशावरील जुनी उन्हाळी छायाचित्रे पाहावीत. याउलट दिशेची चूकही होते: ओढ्याकाठी विकासकाने नुकतीच लावलेली, गुडघाभर उंचीची देशी रोपे पाहून ‘इथे तर काहीच नाही’ असे वाटते, पण ती पूर्ण वाढल्यावर तिथे काय उभे राहील हे लक्षात घेऊनच तो पट्टा जोखावा.

अंतर. हे अंतर आडवे, म्हणजे नकाशावर मोजावे तसे मोजतात: वनस्पतींच्या कडेपासून घराच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत, आणि जिथे भिंत नाही तिथे कारपोर्ट किंवा व्हरांड्याच्या खांबापर्यंत. छपराची पुढे आलेली कड यात धरत नाहीत. घर अजून उभे नसल्यामुळे भूखंडाच्या आराखड्यात घर जास्तीत जास्त कुठवर येऊ शकते ती रेघ धरून मोजावे. भूखंडाच्या हद्दीपासून मोजल्यास आकडा वेगळा येतो.

उतार. इथे जवळजवळ सगळेच पहिल्यांदा चुकतात. पाहायचा आहे तो घराच्या पायाखालचा उतार नव्हे, तर ज्या रानातून आग येईल त्या रानाखालचा. रान घरापेक्षा खालच्या बाजूला असेल, तर आग चढावर घराकडे येते, आणि चढाच्या दर १० अंशांमागे तिचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण वर झुकलेल्या ज्वाळा पुढचे गवत-झाडी आधीच तापवून ठेवतात. रान घरापेक्षा वरच्या बाजूला असेल, तर मानक त्याला सपाट जमिनीसारखेच धरते. आपल्याकडे टेकडीच्या माथ्यावरच्या घराला मोठे मोल असते. दरीकडे पाहणारी ती सुंदर गच्ची इथे मात्र आगीच्या वाटेच्या बरोबर वरच्या टोकाला येते. उतार मोजण्यासाठी मोबाइलमधले पातळी मोजण्याचे साधन अंदाजापुरते चालते. उतार २० अंशांहून तीव्र असेल तर सोपी पद्धत लागू पडत नाही आणि तज्ज्ञाकडून सविस्तर गणित करून घ्यावे लागते.

आता या तिन्ही गोष्टी एकत्र कशा येतात ते पाहू. निर्देशांक १०० असलेल्या प्रदेशात, सपाट जमिनीवरच्या जंगलापासून घर ४८ ते १०० मीटर अंतरावर असेल तर पातळी बीएएल-१२.५ येते, ३५ ते ४८ मीटरमध्ये बीएएल-१९, २५ ते ३५ मध्ये बीएएल-२९, १९ ते २५ मध्ये बीएएल-४०, आणि १९ मीटरच्या आत बीएएल-एफझेड, म्हणजे ‘फ्लेम झोन’, जिथे ज्वाळा घराला भिडतील असे गृहीत धरतात. म्हणजे सपाटीवर जंगलापासून ४० मीटरवरचे घर बीएएल-१९ मध्ये बसते. पण तेच जंगल घराच्या खालच्या बाजूला १५ ते २० अंशांच्या उतारावर असेल, तर फ्लेम झोन ५० मीटरपर्यंत येतो आणि तेच ४० मीटरवरचे घर सर्वांत वरच्या पातळीत जाते. अंतर तेच आणि झाडेही तीच असताना निकाल मात्र दोन टोकांचा येतो. सपाट गवताळ जमिनीचे आकडे बरेच सौम्य आहेत: फ्लेम झोन ६ मीटरच्या आत, आणि १९ ते ५० मीटरमध्ये बीएएल-१२.५. मेलबर्नच्या पश्चिमेकडील वसाहतींत बहुतेकांचा संबंध याच गवताशी येतो.

बीएएलपुढचे १२.५, १९, २९, ४० हे आकडे दर चौरस मीटरला पडणाऱ्या धगीचे, किलोवॉटमधले आहेत. स्वच्छ दुपारचे ऊन साधारण १ किलोवॉट असते, एवढे ध्यानात ठेवले की बीएएल-१२.५ ही ‘सर्वांत खालची’ पातळी म्हणजे काय, याचा अंदाज येतो. तिच्याही खाली बीएएल-लो ही पातळी आहे, जिथे विशेष बांधकामाची गरज नाही असे धरतात.

पायरी ३: भूखंडावर घर कुठे येईल ते ठरवणे

भूखंड मोठा असेल तर घर पाच-सात मीटर मागे-पुढे सरकवून पातळी एका पायरीने खाली आणता येते, आणि खर्च वाचवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. वर दिलेल्या आकड्यांत ३३ मीटरवरचे घर ३६ मीटरवर नेले की बीएएल-२९ चे बीएएल-१९ होते. नकाशा काढणाऱ्याला हे पहिल्याच बैठकीत सांगावे. पूर्वाभिमुख घर, ईशान्येला देवघर हे आग्रह ज्यांना आहेत, त्यांनी ते जरूर धरावेत. मात्र धोक्याच्या बाजूला मोठ्या काचांची दिवाणखान्याची भिंत येत असेल, तर वास्तुशास्त्राइतकाच त्या भिंतीचाही विचार करावा. धोक्याच्या बाजूला ज्यांचे तोंड नाही अशा भिंतींना मानक एका पायरीची सूट देते, पण बीएएल-१२.५ च्या खाली नाही.

वसाहतीतल्या तीन-चारशे चौरस मीटरच्या भूखंडावर सरकायला जागाच नसते. अशा वेळी निवड एकच: कोणता भूखंड घ्यायचा. एकाच टप्प्यात राखीव रानाला लागून असलेला भूखंड आणि दोन रांगा आत असलेला भूखंड यांच्या पातळ्यांत मोठा फरक असू शकतो, आणि रानाला लागून असलेला भूखंड ‘निसर्गरम्य’ म्हणून अनेकदा महागही असतो.

शेजारच्या जमिनीवर आपला हक्क नाही, हे इथे पक्के लक्षात ठेवावे. पलीकडच्या मालकाने आज गवत कापलेले आहे म्हणून तो पुढेही कापील, असे मूल्यमापनात धरता येत नाही. स्वतःच्या भूखंडावरची देशी झाडे तोडायलाही परवानगी लागू शकते. न्यू साउथ वेल्समध्ये ठरावीक क्षेत्रांत घरापासून १० मीटरमधील झाडे आणि ५० मीटरमधील खालची झुडपे परवानगीशिवाय काढण्याची तरतूद आहे. आपला पत्ता त्या क्षेत्रात येतो का, हे रुरल फायर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर तपासावे आणि मगच कुऱ्हाड उचलावी. व्हिक्टोरियातील नियम वेगळे आहेत, त्यामुळे सिडनीच्या नातेवाइकांचा सल्ला मेलबर्नला लागू करू नये.

पायरी ४: अधिकृत मूल्यमापन करून घेणे

स्वतः काढलेला अंदाज खरेदीचा निर्णय घेण्यापुरता आहे. परवान्यासाठी सहसा जाणकार व्यक्तीचा अहवाल लागतो. वणवा नियोजनाच्या सल्लागारांना फायर प्रोटेक्शन असोसिएशन ऑस्ट्रेलिया ही संस्था ‘बीपॅड’ नावाच्या योजनेखाली मान्यता देते आणि त्यांची यादी सर्वांना पाहता येते. बिल्डर स्वतःच्या ओळखीच्या माणसाकडून अहवाल करून देतो, तेव्हा तो खोटा असतो असे मुळीच नाही. पण आपण नेमलेला सल्लागार ‘घर थोडे सरकवले तर?’ या प्रश्नावर विचार करतो, बिल्डरचा माणूस समोर ठेवलेल्या आराखड्याचा निकाल देतो.

वेळ साधणे महत्त्वाचे. व्हिक्टोरियात खाजगी खरेदीत करारानंतर तीन कामकाजाच्या दिवसांत माघार घेण्याची मुभा असते, लिलावात ती नसते. आणि तीन दिवसांत अहवाल हातात येणे कठीणच. त्यामुळे मूल्यमापन समाधानकारक आल्यासच करार पक्का होईल, अशी अट वकिलाकडून करारात घालून घ्यावी. न्यू साउथ वेल्समध्ये भूखंड बीएएल-४० किंवा फ्लेम झोनमध्ये असेल, तर घराला मंजुरी मिळवण्याचा जलद मार्ग, ज्याला ‘कॉम्प्लायिंग डेव्हलपमेंट’ म्हणतात, बंद होतो आणि काउन्सिलच्या लांब मार्गाने जावे लागते. ज्यांचे भाडे आणि कर्जाचा हप्ता एकाच वेळी चालू असतात, त्यांना त्या विलंबाचाही खर्च मोजावा लागतो.

पायरी ५: बांधकामावर काय परिणाम होईल ते विचारणे

बिल्डरला लेखी विचारावे: दिलेल्या किमतीत कोणती बीएएल पातळी गृहीत धरली आहे, आणि प्रत्यक्षात वरची आली तर वाढीव रक्कम किती. अंदाजपत्रकात ‘नंतर ठरेल’ असे लिहून मिळाले तर सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बीएएल-१२.५ व १९ या पातळ्यांवर भर निखाऱ्यांना घरात शिरू न देण्यावर असतो: छपराच्या आणि भिंतीच्या फटी बंद करणे, हवा जाण्याच्या झरोक्यांना २ मिलिमीटरपेक्षा मोठी भोके नसलेली धातूची जाळी, जमिनीलगतच्या खिडक्यांना कडक काच. बीएएल-२९ पासून धगीचा विचार वाढतो आणि बाहेरच्या लाकडावर बंधने येतात. स्पॉटेड गम, ब्लॅकबट, रिव्हर रेड गम, मर्बाऊ अशा मोजक्याच जाती चालतात. बीएएल-४० आणि फ्लेम झोनमध्ये खिडक्या, दारे, छप्पर, डेक सगळ्यांचे हिशोब बदलतात आणि खर्च असा चढतो, की स्वस्त वाटलेला भूखंड महाग ठरू शकतो. मेलबर्नमध्ये छपरावर बसवतात तो पाण्यावर चालणारा कूलर ही निखाऱ्यांना आत शिरण्याची एक सोयीची वाट आहे. तो घेणार असल्यास त्याला धातूची जाळी आहे ना, हे पाहावे.

व्हिक्टोरियात ओव्हरले लागू असल्यास आगीसाठी राखीव पाणीही ठेवावे लागते: ५०० चौरस मीटरपेक्षा लहान भूखंडाला २,५०० लिटर, ५०० ते १,००० चौरस मीटरला ५,००० लिटर आणि त्याहून मोठ्याला १०,००० लिटर. हे पाणी बागेच्या पाण्यात धरता येत नाही. अग्निशमन वाहन आत येऊ शकेल असा, किमान ३.५ मीटर रुंद रस्ताही मागितला जातो. एकरभर जमीन घेऊन आत लांबवर घर बांधण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी या रस्त्याचा खर्च आधी काढावा.

पायरी ६: बाहेर पडण्याचा रस्ता पाहणे

हे कोणत्याही अहवालात ठळकपणे येत नाही, म्हणून स्वतःच पाहावे. वसाहतीला बाहेर पडायला किती रस्ते आहेत? ते रस्ते कुठून जातात? गवताळ माळावरून जाणारा एकच रस्ता असेल, तर घर कितीही चांगले बांधले तरी तो दोष राहतो. ८ जानेवारी १९६९ रोजी मेलबर्न–जिलाँग महामार्गावर लारा गावाजवळ गवताच्या आगीत १७ प्रवासी मृत्युमुखी पडले. ते जंगल नव्हते, सपाट माळरान होते. आणि आज त्याच महामार्गालगत वेरिबी आणि आसपासच्या वसाहतींत कितीतरी मराठी घरे आहेत. गवताची आग धगीने सौम्य असली तरी वेगाने अत्यंत भयंकर असते.

वाऱ्याची दिशाही ध्यानात घ्यावी. उत्तरेचा वारा म्हणजे थंडी, हे आपले उपजत ज्ञान इथे उलटे करावे लागते. आग्नेय ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यात उत्तरेकडून येणारा वारा वाळवंटावरून तापून येतो. आगीचे सर्वांत वाईट दिवस याच वाऱ्याचे असतात आणि त्यानंतर नैर्ऋत्येकडून थंड वारा अचानक येतो. त्या क्षणी आगीची लांबच लांब बाजू एकदम तिचे तोंड बनते आणि तोपर्यंत सुरक्षित वाटणाऱ्या बाजूकडे सरकते. बीएएलच्या गणितात वाऱ्याची दिशा धरली जात नाही, सर्व बाजू सारख्याच मोजतात. आणीबाणीचा आराखडा करताना मात्र उत्तर, वायव्य आणि नैर्ऋत्य या बाजूंना काय आहे आणि बाहेरचा रस्ता यांपैकी कुठून जातो, हे अवश्य पाहावे.

मानकाप्रमाणे बांधलेले घर वाचेलच, अशी हमी मानक स्वतःही देत नाही. २०२२ पासून देशभर आगीच्या धोक्याचे मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटॅस्ट्रॉफिक असे चार स्तर जाहीर होतात. कॅटॅस्ट्रॉफिक दिवशी घर कोणत्याही पातळीचे असले तरी आदल्या रात्री किंवा पहाटेच निघून जावे, हा अग्निशमन यंत्रणांचा सल्ला आहे. घरात वृद्ध आई-वडील भारतातून आलेले असतील, गाडी चालवणारा माणूस दिवसा शहरात कामावर असेल, तर ही व्यवस्था कशी होणार, हा प्रश्न जागा निवडतानाच स्वतःला विचारावा.

पायरी ७: विमा

विमा कंपन्या बीएएल पाहून हप्ता ठरवतातच असे नाही. त्यांचे स्वतःचे आडाखे असतात. पत्ता देऊन दोन-तीन कंपन्यांकडून करारापूर्वीच हप्त्याचा आकडा मागवावा. त्यांतल्या एखादीने विमा नाकारला किंवा अवाच्या सवा हप्ता सांगितला, तर त्यातून जागेविषयी पुष्कळ कळते. तयार जुने घर घेणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ते जळाल्यास नवे घर आजच्या मानकाप्रमाणे बांधावे लागते आणि जुन्या घराच्या किमतीवर घेतलेला विमा त्याला अपुरा पडतो.

पायरी ८: बांधकामाआधी पुन्हा एकदा, आणि नंतरही

नव्या वसाहतीत करार आणि जमिनीचा प्रत्यक्ष ताबा यांच्यात बराच काळ जाऊ शकतो. त्या काळात शेजारच्या रानाची वसाहत होते किंवा साफ असलेल्या जागी झाडी वाढते. म्हणून परवान्याचा अर्ज करण्यापूर्वी नकाशा पुन्हा पाहावा आणि जागेवर पुन्हा एक फेरी मारावी. परिस्थिती सुधारली असल्यास मूल्यमापन नव्याने करून घेतल्याने खर्च वाचू शकतो.

घर झाल्यावर अहवालातल्या अटी घराबरोबर राहतात. व्हिक्टोरियात ओव्हरलेखालच्या घराभोवती आगीच्या मोसमात गवत आखूड ठेवणे, खिडकीपासून तीन मीटरच्या आत १० सेंटिमीटरपेक्षा उंच झाडे न लावणे, झाडांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून दोन मीटरपर्यंत छाटणे, फांद्या छपरावर येऊ न देणे, या अटी कायमच्या असतात. हौसेने भिंतीलगत लावलेली जाई-जुई आणि लाकडी भुशाचे आच्छादन या अटींत बसत नाही. होळी मार्चमध्ये येते आणि व्हिक्टोरियात तेव्हा अनेक भागांत आगीचा मोसम चालू असतो. त्या काळात उघड्यावर जाळ करण्यास परवाना लागतो आणि ‘टोटल फायर बॅन’च्या, म्हणजे जाळ करण्यावर पूर्ण बंदी असलेल्या दिवशी अंगणात होळी पेटवणे हा गुन्हा आहे. होळीचा बेत आखताना आपल्या भागातील निर्बंधांच्या तारखा कंट्री फायर अथॉरिटी या व्हिक्टोरियातील अग्निशमन यंत्रणेच्या संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात.